छतावरून पडलेल्या माणसाच्या घरी

त्या महिन्यात आमच्या वाट्याला छतावरून पडलेला एक माणूस आला होता.

वाट्याला येणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. दोन हजार चारचा सुमार असेल. शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलजवळ, एका चर्चने चालवलेल्या लहानशा शाळेत मी गणित शिकवत होतो. मुलं मोजकी, पगार बेताचा, पण मुख्याध्यापक भला माणूस. पहिल्याच दिवशी त्याने मला समोर बसवलं आणि स्पष्ट सांगून टाकलं, की शिक्षकांचा आरोग्यविमा काढणं शाळेला परवडत नाही. त्याऐवजी इथले सगळे शिक्षक ख्रिस्ती कुटुंबांच्या एका मंडळाचे सभासद आहेत. एकमेकांच्या दवाखान्याचा खर्च ही कुटुंबं आपसांत वाटून घेतात. सभासदाला दर महिन्याला जी रक्कम द्यावी लागते, ती शाळा पगारात वाढवून देईल.

मंडळाचं कार्यालय दुसऱ्या कुठल्याशा राज्यात होतं. ते आमचे पैसे जमा करून ठेवत नसे. कोणी कोणाला पाठवायचे, एवढंच ठरवून कळवत असे. महिन्याच्या सुरुवातीला पोस्टाने एक पाकीट यायचं. त्यात एका घराचं नाव, पत्ता, आणि तिथे काय झालं आहे ते चार ओळींत. कोणाचं अपेंडिक्स, कोणाचं मूल, कोणाच्या डोळ्याचं ऑपरेशन. आपण ठरलेल्या रकमेचा चेक थेट त्या माणसाच्या नावाने लिहायचा, सोबत आपल्या हाताने दोन शब्द लिहायचे, पोस्टात टाकायचा, आणि महिनाभर प्रार्थनेत त्या घराची आठवण ठेवायची. अशीच इतर पुष्कळ घरं त्याच माणसाला पाठवत, आणि त्यातून त्याचं हॉस्पिटलचं बिल भागत असे. उद्या आपल्यावर वेळ आली, की तशीच पाकिटं आपल्या दारात.

नियम होते. दर रविवारी उपासनेला जायला हवं, आणि तसं आपल्या चर्चच्या पाळकाने सही करून सांगायला हवं. दारू आणि तंबाखू नको. सर्दी-तापाचा किरकोळ खर्च ज्याचा त्याने करायचा. सभासद होण्याआधीपासून असलेला आजार मंडळ वाटून घेत नसे. हॉस्पिटलशी बोलून बिल कमी करून घ्यायचा प्रयत्न आजाऱ्याच्या घरच्यांनी स्वतः करायचा. आणि माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, की हा विमा नाही, आणि पैसे मिळतीलच अशी हमी कोणीही देत नाही.

माझी बायको नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या दवाखान्यात शिकलेली नर्स. इथे तिच्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती, त्यामुळे तिची सगळी नर्सगिरी माझ्या एकट्यावर चाले. तिने ते पत्रक पेन्सिल घेऊन वाचलं.

"म्हणजे ज्याला आधीच साखर आहे, त्याला दार बंद," ती म्हणाली. "दारू पिणारा नको, विडी ओढणारा नको, जुना आजारी नको. मग आमच्या दवाखान्यात रोज यायचं कोण?"

तिचं म्हणणं खरं होतं. पण मला त्या मंडळाबद्दल मनातून आपुलकी वाटली होती, आणि तिचं कारण माझ्या लहानपणात होतं. वडिलांचं एसटी स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान, आई मिशनच्या बोर्डिंगात स्वयंपाकाला. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. आमच्या देवळात, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, दर वर्षी हंगामाचा सण होई. लोक पहिल्या पिकातलं काहीबाही आणून वेदीसमोर ठेवत आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होई. ज्या वर्षी मी बारावी झालो, त्या वर्षी एक लाल भोपळा सगळ्या दुपारभर विकला जात राहिला. जो घेई तो पैसे भरून भोपळा परत टेबलावर ठेवी, आणि पाळकसाहेब पुन्हा लिलाव पुकारत. शेवटी भोपळा कोणाकडे गेला ते मला आठवत नाही, पण त्या दुपारचे सगळे पैसे माझ्या कॉलेजच्या फीसाठी दिले गेले, हे मी विसरू शकत नाही. त्यामुळे अनोळखी लोक एकमेकांचा खर्च उचलतात, हे ऐकून इतरांना जे अजब वाटे, ते मला ओळखीचं वाटलं.

इतरांना अजब वाटे, हे मात्र खरं. आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक नागपूरकर राहायचा. मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर होता, दर शनिवारी आमच्याकडे जेवायला यायचा, आणि माझ्या बायकोच्या हातच्या मटणाला तिच्यासमोर नावं ठेवून दोनदा वाढून घ्यायचा. त्याला मी सगळं समजावून सांगितलं.

"यार मास्तर, ही तर भिशी झाली," तो म्हणाला. "फरक एवढाच, भिशीत आपला नंबर लवकर लागावा असं वाटतं, यात कधीच लागू नये असं वाटतं." मग हाडूक बाजूला ठेवत त्याने विचारलं, "मला घेतील का तुझे लोक?"

मी म्हटलं, नाही, ख्रिस्ती असावं लागतं.

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "म्हणजे तुझ्यासाठी ते पण आहेत आणि मी पण आहे. माझ्यासाठी फक्त तू. तोटा कोणाचा ते बघ." आणि बायकोकडे वळून, "काय वहिनी, रस्सा आहे का संपवला यांनी?"

तो गमतीने बोलला होता, तरी मला ते लागलं. त्या नियमाचा मी कितीही आदर केला, तरी माझ्या ताटाला ताट लावून बसणारा माणूस त्याच्या बाहेर राहत होता.

सभासद झाल्यावर वर्षाने माझ्या बायकोला दिवस राहिले. मंडळाच्या नियमाप्रमाणे बाळंतपणाचा खर्च वाटून घेता येत होता. पण पहिलं बाळंतपण. आमच्याकडे मुलगी माहेरी जाते. सासूबाईंनी तिसऱ्या महिन्यापासूनच फोनवर धोशा लावला होता. तिथे दवाखाना तिचा स्वतःचा, डॉक्टरीणबाईंनी तिला शिकवलेलं, खर्च जवळजवळ नाहीच. इथे तिचं करणार कोण, आणि त्या चिठ्ठ्या पाठवणाऱ्या लोकांच्या भरवशावर ऑपरेशनची वेळ आली तर काय, असं त्यांचं म्हणणं. त्यात चूक काही नव्हतं.

विमानाने जायचं तर सातवा महिना संपायच्या आत. गेली असती, तर बाळाचे कागदपत्र, व्हिसा, पावसाळा, सगळं धरून मला माझं मूल सहा महिन्यांचं झाल्यावर दिसलं असतं. तिने थांबावं असं मला जिवापाड वाटत होतं. पण थांब असं म्हणायची माझी हिंमत होत नव्हती. कारण आपुलकी वेगळी आणि खात्री वेगळी. मी दर महिन्याला चेक पाठवत होतो, ते पोचत असतील असं धरून चालत होतो, पण ज्याचं बिल असं खरोखर भागलं आहे असा एकही माणूस मी डोळ्यांनी पाहिला नव्हता. नागपूरकराने त्याच्या कंपनीत माझ्यासाठी टेस्टिंगचं काम बघतो म्हणून सांगितलं होतं, विम्यासकट. मी त्याला हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही.

अशात ते ऑक्टोबरचं पाकीट आलं. माणूस सुतार. उन्हाळ्यात दुसऱ्याच्या घराचं छप्पर दुरुस्त करताना पडला, मांडीचं हाड दोन जागी मोडलं, दोन ऑपरेशनं झाली, आणि बिल मोठं म्हणून ते तीन महिन्यांपासून वाटलं जात होतं. पत्ता पाहिला तर आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरचं गाव. आजवर आमच्या वाट्याला आलेली सगळी घरं दूरदूरच्या राज्यांतली होती.

मी चेक लिहिला, पाकिटात घातला, तिकीट लावायला घेतलं, तेव्हा बायको म्हणाली, "एवढ्या जवळ आहे तर पोस्टाने काय पाठवायचं? आजारी माणसाला कोणी मनीऑर्डर करतं का? भेटायला जातात."

मी म्हटलं, इथे तशी पद्धत नाही.

"इथे पद्धत नाही म्हणूनच मला बघायचंय," ती म्हणाली. "आपल्याला ज्या होडीत बसायचंय, तीत आधी बसलेला माणूस कसा दिसतो ते बघून येऊ. मग मी ठरवते."

म्हणजे आमचं काय व्हायचं ते त्या सुतारावर येऊन ठेपलं होतं, आणि त्याला याचा पत्ता नव्हता.

रिकाम्या हाताने जाणं शक्य नव्हतं. मोडलेल्या हाडाला काय द्यायचं याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. सासूबाईंनी तिच्या बाळंतपणासाठी म्हणून डिंक आणि खारीक कोणाच्या तरी बॅगेतून पाठवलं होतं. तिने त्यातलं निम्मं काढून डिंकाचे लाडू वळले. बाळंतिणीचे लाडू सुताराला कसे चालतील, असं मी विचारलं. हाड कोणाचंही असो, डिंकाला काय कळतंय, असं तिने सांगितलं.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. फोन केला नाही. करायला हवा, हे आम्हाला सुचलंच नाही. आमच्या गावात आजाऱ्याला भेटायला जाताना कोणी आधी विचारत नाही. दार उघडं दिसलं की चपला काढायच्या.

मक्याची शेतं नुकतीच कापून झाली होती, आणि गाव म्हणजे एक रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी लाकडी घरं. दार वाजवलं. पन्नाशीच्या पुढच्या एका बाईने उघडलं, हातात ओला टॉवेल. आम्ही कोण असू याचा तिला अंदाज येईना. मी तोंड उघडायच्या आत तिने सांगितलं, की त्यांना काही विकत घ्यायचं नाही. मी घाईघाईने मंडळाचं नाव घेतलं, या महिन्यात तुमचे यजमान आमच्या वाट्याला आले आहेत म्हणून सांगितलं. तिने माझ्या हातातल्या पाकिटाकडे पाहिलं, मग बायकोच्या पोटाकडे, मग डब्याकडे. आणि पोटाकडे पाहूनच बहुधा तिने आम्हाला आत घेतलं.

सुताराची खाट बाहेरच्या खोलीत आणून टाकली होती. दणकट, पांढऱ्या दाढीचा माणूस, पायातून लोखंडी सळया बाहेर आलेल्या. त्याच्या बायकोने आम्ही कोण ते सांगितल्यावर त्याने टीव्ही बंद केला आणि केसांवरून हात फिरवला. मी पुढे होऊन, आपण देतो तसं दोन्ही हातांनी पाकीट त्याच्यासमोर धरलं.

त्याने ते घेतलं नाही. हात पांघरुणावरच राहिले.

"हे तुम्ही पोस्टाने पाठवाल का?" तो म्हणाला. "प्लीज."

मी तसाच हात पुढे करून उभा. त्याला माझी कीव आली असावी. तो हळूहळू, शब्द शोधत बोलला. "पाकिटं येतात. मी उघडतो, चिठ्ठी वाचतो, देवाचे आभार मानतो. ते मला जमतं. पण कोणी समोर येऊन द्यायला लागलं, की मला उठून उभं राहावंसं वाटतं. आणि मला उठता येत नाही."

मी पाकीट परत खिशात घातलं. आम्ही प्रेमाने आलो होतो, आणि नेमक्या त्या येण्यानेच त्या माणसाला लहान केलं होतं. पोस्टाने पाठवण्यात मला कोरडेपणा वाटत आला होता. त्यात घेणाऱ्याची आबरू झाकलेली असते, हे त्या खोलीत पहिल्यांदा कळलं. आता नमस्कार करून निघावं, असं मी ठरवत होतो.

बायको मात्र खुर्ची ओढून बसली होती. तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत ती म्हणाली, "ठीक आहे, चेक पोस्टाने. पण लाडू पोस्टाने जात नाही. तुटतो." आणि डबा उघडून त्याच्यापुढे धरला.

सुतार तिच्याकडे बघत राहिला आणि मग हसला. लाडू उचलून त्याने त्याचं वजन हातात तोललं, एखाद्या लाकडाच्या तुकड्याचं तोलावं तसं, आणि यात काय आहे म्हणून विचारलं. झाडाचा डिंक आहे, हे कळल्यावर त्याला फारच बरं वाटलं. डिंक त्याच्या धंद्यातला होता. मग बायकोने सांगून टाकलं, की आमच्याकडे हे बाळंतिणीला देतात.

"मग हे तुमचे आहेत," तो चावता चावता थांबला.

"मला वेळ आहे अजून," ती म्हणाली.

यावर त्याची बायको दाराच्या चौकटीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आपली चार मुलं झाली तेव्हा कोणी काही आणून दिलं नाही, आणि हा छतावरून पडतो आणि याला बाळंतपणाचे लाडू, असं काहीसं ती म्हणाली. तिने कॉफी केली. माझ्या बायकोने सुताराची परवानगी घेऊन त्याच्या पायाखालची उशी नीट लावली आणि त्याच्या दोन्ही ऑपरेशनांची चौकशी केली. तासभर आधी आम्ही काही विकायला आलो आहोत असं ज्या बाईला वाटलं होतं, ती आता आम्हाला मुलांचे फोटो दाखवत होती.

कॉफी संपत आली तेव्हा माझ्या बायकोने विचारलं. तिने घुमवून फिरवून विचारलं नाही, तेवढं इंग्रजीही तिच्याजवळ नव्हतं.

"सगळ्यांचे पैसे आले?"

मला जमीन दुभंगावी असं झालं. सुताराने मान खिडकीकडे वळवली. त्याच्या बायकोने कप खाली ठेवला, आणि माझ्या बायकोच्या पोटाकडे पुन्हा एकदा पाहिलं. हा प्रश्न भोचकपणाने विचारलेला नाही, हे तिला कळलं.

"नाही," ती म्हणाली. "बहुतेकांचे आले. काहींचे उशिरा आले. काहींचे आलेच नाहीत. मग कार्यालयाने दुसऱ्या घरांना सांगितलं. थोडं बिल अजून राहिलंय, हॉस्पिटल थांबलंय." मग ती म्हणाली, "पहिल्या महिन्यात मी रोज पोस्टाच्या गाडीचा आवाज ऐकत बसायचे. कामं सुचायची नाहीत. आता बसत नाही."

हॉस्पिटलशी बोलायलाही तीच गेली होती. आमच्याकडे विमा नाही, आमच्यासारखीच घरं मिळून आमचा खर्च उचलतात, तर काही कमी होईल का, असं खिडकीवर विचारायचं. आयुष्यात कधी कोणाकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे गाडीत बसून आधी रडून घेतलं, मग आत गेले, असं तिने सांगितलं. त्यांनी बरंच कमी केलं.

निघताना सुताराने आमच्यासाठी प्रार्थना करू का, असं विचारलं. त्याने झोपल्या जागेवरून केली, लहानशी. मग माझ्या बायकोने केली, मराठीत, आणि तिची मात्र लांबली. त्या दोघांना शब्द कळले नाहीत, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

परतीच्या वाटेवर तिने खिडकीला डोकं टेकलं. मी विचारायचं धाडस करेना. बराच वेळ दोन्हीकडे नुसती कापलेली शेतं. मला वाटत होतं, संपलं. काहींचे आलेच नाहीत, एवढं ऐकल्यावर कुठली बाई इथे थांबेल? सासूबाईंना काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करू लागलो.

"तिकीट काढू नका," ती म्हणाली.

मी विचारलं, का.

"ती सगळ्यांचे आले म्हणाली असती, तर मी उद्याच निघाले असते," ती म्हणाली. "ज्यांचे नाही आले, ते पण तिने सांगितलं. आणि तो बघितला ना? घ्यायला कसा लाजत होता. ज्याला घेताना इतकं जड जातं, तो द्यायच्या वेळी दुसऱ्याचं बुडवेल का? असले शंभरातले नव्वद असले तरी पुष्कळ झालं."

उरलेल्या दहांचं काय, असं मला विचारावंसं वाटलं. गाडी मी जरा हळू चालवली, एवढं आठवतं.

सोमवारी सकाळी शाळेत जाताना तो चेक पोस्टात टाकला. सासूबाईंना फोन करून ती इथेच थांबणार असल्याचं सांगितलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, की डिंक पुरेल ना. निम्मा एका सुताराने खाल्ला आहे, हे माझ्या बायकोने त्यांना सांगून टाकलं. त्यानंतरचे शब्द मला कळले नाहीत, पण फोन कानापासून लांब धरूनही तिला ते ऐकू येत होते.

फेब्रुवारीत, भर बर्फात, कळा सुरू झाल्या. माझ्या जुन्या गाडीवर भरवसा नव्हता म्हणून नागपूरकराने त्याची गाडी काढली. घरच्या स्लिपरवरच आला होता. हॉस्पिटलच्या दारातल्या टेबलावर एका तरुण कारकुनाने विमा कोणाचा म्हणून विचारलं. मी सांगायला लागलो, की विमा नाही, पण सभासद आहेत, ते वाटून घेतात, म्हणजे कार्यालय आहे पण ते पैसे ठेवत नाही. तो बोटं कीबोर्डवर ठेवून माझ्याकडे बघत होता. बायको टेबलाला धरून वाकली होती. ती मला मराठीत म्हणाली, "एवढं लांबण कशाला लावताय? माणसं आहेत म्हणावं आमची."

मी तेच इंग्रजीत सांगितलं. आमची माणसं आहेत.

"आणि एक इथे पण उभा आहे," मागून नागपूरकर मराठीतच म्हणाला. "लिहून घे म्हणावं त्याला."

कारकुनाने विमा कंपनीचं नाव विचारलं. नाही म्हटल्यावर त्याने रुग्ण स्वतः पैसे भरणार असा शेरा टाकला आणि चाकाची खुर्ची मागवली.

शेवटी ऑपरेशन करावं लागलं. मी टोपी, झगा घालून तिच्या डोक्याशी बसलो होतो. ती डॉक्टरांच्या हातातल्या हत्यारांचे आवाज ऐकून मला काय चाललंय ते सांगत होती, आणि मी घाबरू नये म्हणून मला धीर देत होती. मुलगी झाली. नर्सने पुसून, गुंडाळून आधी माझ्याकडे दिली, कारण आईचे हात मोकळे नव्हते. तिचा रंग, तिची हनुवटी, तिचा रागीट चेहरा, सगळं मी तिच्या आईला वाकून सांगितलं. मी सांगत होतो आणि ती म्हणत होती, "पुढे."

बिलाचं सगळं नंतर झालं. हॉस्पिटलच्या खिडकीवर जाऊन कमी करायला सांगणं मला गणिताच्या कुठल्याही परीक्षेपेक्षा अवघड गेलं. पण त्यांनी केलं. चर्चमधल्या बायका पाळीपाळीने शेवया आणि चीजचे काचेचे ट्रे आणून देत, आणि माझी बायको त्यांचे मनापासून आभार मानून, त्या गेल्या की त्यावर लसणाची चटणी घालून खात असे. मग पाकिटं यायला लागली. निरनिराळ्या राज्यांतून, निरनिराळ्या अक्षरांत. एका म्हातारीने थरथरत्या हाताने लिहिलं होतं, की तिला स्वतःला मूल झालं नाही, पण ती आमच्या मुलीसाठी रोज सकाळी गुडघे टेकते. एका घरातल्या पोरांनी बाळाचं चित्र काढून पाठवलं होतं, बाळाला मिशा होत्या. पहिल्या दिवशी आलेली पाकिटं मी टेबलावर तशीच ठेवून बसलो होतो. त्या सुताराचं म्हणणं मला आता कुठे समजत होतं.

"उघडा की," बायको आतून म्हणाली. "कोणी तुम्हाला उभं राहायला सांगितलंय का?"

कोणाकडून यायचं आहे ते आम्हाला कार्यालयाने कळवलेलं होतं. एक घर सोडून सगळ्यांचं आलं. ते एक आलं नाही. कार्यालयाने दुसऱ्या घराला सांगायची तयारी दाखवली, आणि तसं झालंही. माझी बायको मात्र मला म्हणाली, की त्यांनी का पाठवलं नाही हे विचारू नका, त्यांच्याकडे सगळे बरे आहेत का तेवढं विचारा. मी तसं पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. ती अजूनही कधी कधी प्रार्थनेत त्या घराचं नाव घेते, उच्चार चुकवून.

मुलगी दोन महिन्यांची असताना शाळेची परीक्षा आली. ती कुठेही ठेवली की रडायची, म्हणून डाव्या हातावर तिला झोपवून मी उजव्या हाताने नववीचे पेपर तपासायचो. माझं अक्षर वाचता येत नाही, अशी त्या सत्रात तीन पालकांनी तक्रार केली. मुख्याध्यापकाने मला बोलावून विचारलं, आणि कारण ऐकल्यावर पुढचे पेपर घरी तपासायला आठवडा वाढवून दिला.